सहा गटांची टीम

पेपरात हल्ली सारखं येत असतं, अमुक टीम हरली, तिनं नवा कोच आणला, आता त्यानं काय काय करावं. जाणकार लोक लिहितात. बचाव आधी बांधा, म्हातारे खेळाडू काढा, तरुण घ्या, शिस्त लावा. मी सगळं वाचतो. निवृत्त माणसाला दुसरं काम तरी काय असतं? वाचून झालं की चष्मा काढून ठेवतो आणि मनात म्हणतो, चालू द्या बाबांनो तुमचं. मी आयुष्यात एकच कोच जवळून पाहिला. त्यानं आल्या आल्या काय केलं म्हणाल, तर आठ दिवस काहीच केलं नाही.

त्यांचं नाव सुखदेव वाव्हळे. आम्ही वाव्हळे सर म्हणायचो. मी तेव्हा बीड जिल्ह्यातल्या एका सहकारी साखर कारखान्यात टाइमकीपर होतो. म्हणजे कोण कामावर आला, कोण नाही, कुणाची कोणती पाळी, हे बघणारा कारकून. आमच्या कारखान्याची फुटबॉलची टीम होती असं म्हटलं तर आज कुणी विश्वास ठेवत नाही. पण होती. ज्यांनी कारखाना उभा केला ते पहिले चेअरमन निजामाच्या काळात हैद्राबादला वकिली शिकायला गेलते, आणि येताना उर्दू आणि फुटबॉल असं दोन्ही घेऊन आलते. अख्खा जिल्हा कुस्ती-कबड्डीत दंग, आणि आमच्याकडं उसाच्या चिपाडांच्या ढिगाशेजारी जुन्या पाइपांचे गोलपोस्ट. लोक म्हणायचे, वकीलसाहेबांचं येड हाय. साहेब होते तोवर ते येड थाटात चाललं.

साहेब गेले आणि टीम संचालक मंडळाच्या हातात आली. आता हे नीट समजून घ्या, नाहीतर पुढचं कळणार नाही. कारखान्याच्या भागाचे सहा गट होते, आणि प्रत्येक गटाचे आपापले संचालक. ऊसतोड गटवार, नोकरभरती गटवार, गळीत हंगामाच्या पूजेला कोणतं जोडपं बसवायचं तेसुद्धा गटवार पाळीनं. मग टीम कशी सुटणार? प्रत्येक गटाचे दोन खेळाडू, त्यातला एक कायम नोकरीतला आणि एक हंगामी. हंगामी म्हणजे ऊस गाळायचे चार-पाच महिने काम, मग घरी. पण फुटबॉलवाल्या हंगामींना खेळासाठी म्हणून वर्षभर ठेवायचे. हे सगळं मीटिंगमध्ये हात वर करून ठरलेलं. चार वर्षांत आम्ही एक मॅच जिंकलो होतो, तीसुद्धा समोरची टीम आली नाही म्हणून.

मला पत्र लिहिता येतं, मंडळाचे ठराव-ऑर्डरीही मीच टाइप करतो, म्हणून मला टीमचा मॅनेजर केलेलं. फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं.

त्या वर्षी पाऊस दगा देऊन गेला होता. पोळ्यालाच विहिरी तळाला गेल्या. दसरा झाल्यावर एके दुपारी सर परळीहून एसटीनं आले. हातात पत्र्याची ट्रंक, खांद्याला जाळीत घातलेला बॉल. पंधरा-सोळा वर्षं फौजेत काढलेली, तिथल्या टीमकडून खेळलेले, मग कुठं कुठं शाळांमध्ये पीटी शिकवलेली. उंच, वाळके, गुडघे बाहेर आलेले, आणि बूट चुना लावून पांढरे केलेले. कारखान्याच्या आकृतिबंधात, म्हणजे मंजूर जागांच्या यादीत, कोचची जागाच नव्हती, म्हणून त्यांना कागदोपत्री सुरक्षा विभागात घेतलं होतं. त्यांनी ट्रंक ठेवली आणि माझ्याकडं खेळाडूंची यादी मागितली. मी दिली. गट एक, दोन नावं. गट दोन, दोन नावं. असं सहापर्यंत, आणि खाली ‘इतर’ म्हणून एक हबीब.

त्यांनी ती दोनदा वाचली. "यातला गोलकीपर कोण हाय?" म्हणाले.

म्हटलं, तोच, इतरमधला. हबीब गेवराईकडचा, आमच्या कारखान्याच्या भागाबाहेरचा. वकीलसाहेबांनी त्याला कुठल्याशा उरसाच्या सामन्यात पाहिलं आणि जीपमध्ये घालून आणलं होतं. बायको आणि दोन पोरींना घेऊन कॉलनीत एका खोलीच्या क्वार्टरमध्ये राहायचा. त्याला कुणाचा गट नव्हता, की त्याच्यासाठी मीटिंगमध्ये बोलणारं कुणी नव्हतं. तोही हंगामीच.

आठ दिवस सर लिंबाखाली उलट्या डब्यावर बसून नुसते बघत राहिले. मांडीवर शाळकरी वही. पोरं म्हणायला लागली, हे म्हातारं हिशेब लिहायला आणलंय का काय. नवव्या दिवशी त्यांनी मला बोलावून वही दाखवली. पानावर तेरा ठिपके, आणि कुणी कुणाला किती वेळा पास दिला त्याच्या रेघा. काही ठिपक्यांमध्ये पेन्सिल फिरवून फिरवून कागद फाटायला आलेला. बाकी पान कोरं.

"भाऊसाहेब, ही टीम न्हाई," ते म्हणाले. "ह्या सहा जोड्या हायत. आन् एक हबीब."

मग मला सांगावं लागलं. गोल ज्याच्या गटाच्या माणसानं मारला त्या गटाचे संचालक मीटिंगमध्ये उठून सांगायचे, आमच्या पोरानं कारखान्याचं नाव केलं, त्याला कायम करा. त्यामुळे एका गटाचा माणूस दुसऱ्या गटाच्या माणसाला गोलसमोर बॉल देणं म्हणजे आपल्या हातानं आपल्या भावाची नोकरी घालवणं. मैदानात कुणी चुकून "पास दे बे" ओरडला, तर पुढचा आधी वळून बघायचा की ओरडतोय कोण. मी हे सगळं नावानिशी सांगायला लागलो, हा ह्याचा भाचा, तो त्याचा चुलत. सरांनी हात वर केला. "कोण कुणाचा हाय ते मला सांगू नका. माझं डोकं दुखतं." हे वाक्य मी नंतर शंभरदा ऐकलं. संचालकांची जीप मैदानाकडं वळली की ते कपाळ धरूनच उठायचे.

त्यांच्या एकेक तऱ्हा. सकाळी उजाडता उजाडता अनवाणी सगळं मैदान फिरायचे, सराट्यांसाठी. आमच्याकडं सराट्याची वेल जमिनीलगत पसरते, तिचं काटेरी बोंड बॉलचं ब्लॅडर फोडतं. पायाला टोचला की बसायचे, उपटायचे, खिशात टाकायचे. मी म्हटलं, अहो सर, चप्पल घालून बघा की. तर म्हणाले, चपलेतून कळत न्हाई, आन् ब्लॅडर इकत घ्यावं लागतं, पाय माझा हाय. जमिनीला हातभर भेगा पडल्या होत्या. बॉयलरची राख आणून ते त्या भेगा भरून घ्यायचे, त्यामुळे खेळून आलेली पोरं राखाडी दिसायची. बॉलला रोज करडईचं तेल. आणि शाबासकी द्यायची नाही म्हणजे नाही. कुणी फार छान खेळला तर त्याच्याजवळ जाऊन विचारायचे, "जेवलास का?" पोरांना हे कळायला महिना लागला. मग मात्र ती त्या दोन शब्दांसाठी जीव टाकायची.

जेवणाचंच मोठं रामायण झालं. पोरांच्या चुलीसुद्धा गटागटाच्या वेगळ्या, प्रत्येकाचं पीठ आपापल्या गावाहून. सरांनी कॅन्टीनमधलं एक मोठं पातेलं मागवलं आणि जाहीर केलं की उद्यापासून सगळ्यांचं एकत्र शिजेल, मी स्वतः करीन. आता सर बौद्ध. हे मी तुम्हाला आधीच सांगायला हवं होतं. आमच्याकडं माणूस यायच्या आधी त्याचं हेच येऊन पोचतं. दुसऱ्या दिवशी डाळ-भाकरी तयार झाली आणि टीममध्ये एकदम धर्म जागा झाला. एकाचा सोमवार निघाला, एकाचा कुलदैवताचा उपवास, एकाला आईच्या नावाचा नवस आठवला. बुधवारी तर सात जण उपाशी. हबीब आणि आणखी चौघंपाचजण काय ते पहिल्या दिवसापासून जेवायला बसले.

मला वाटलं, आता म्हातारा भडकणार. मी तर मनातून लाजेनं मेलो होतो, कारण डबा उघडून मीही घरचंच खात होतो. संध्याकाळी सराव सुरू झाल्यावर सरांनी उपवासवाल्या सातांना बाजूला बसवलं. उपाशी माणसाला मी पळवत न्हाई, म्हणाले, चक्कर येईल, मला जबाबदारी नको. उरलेल्यांना घेऊन खेळले, स्वतः खेळले, साठीला आलेला माणूस. असे चार दिवस. पाचव्या दिवशी उद्धव आला. उद्धव टीमचा कॅप्टन, गट एकच्या संचालकांचा भाचा, नाकावर माशी बसू न देणारा. स्वतःच्या घरची ताटली बगलेत घेऊन आला आणि खाली बघत बसला. सरांनी वाढलं. बाकीचे एकेक करून आलेच. पंधरवड्यानं ती ताटली घरी राहायला लागली.

उद्धव जेवायला बसला त्या संध्याकाळी मी सरांना म्हटलं, जिंकलात तुम्ही. ते पायातला काटा काढत होते. "कशाचं जिंकतो, भाऊसाहेब. फौजेत सगळ्या मुलखाच्या मानसांसंगं एका लंगरात जेवलो. हितं आलं की परत पहिलीपासून." त्यांचा आवाज फार दमलेला होता. दुसऱ्या दिवशी मी डबा नेला नाही, एवढं सांगतो.

मार्गशीर्षात कारखान्याचा हंगाम आटोपला. ऊसच नव्हता, सव्वा महिन्यात बॉयलर थंड झाला. कॉलनीच्या बोअरला हवा यायला लागली आणि दिवसाआड टँकर सुरू झाला. टँकर गेटवर थांबायचा, आतल्या रस्त्याला वळायला जागा नव्हती. तिथून शेवटच्या क्वार्टरपर्यंत चांगलं अर्धा किलोमीटर. कॉलनीतल्या बाया डोक्यावर हंडे घेऊन धापा टाकायच्या आणि टीमला शिव्या घालायच्या. बरोबरच होतं त्यांचं; म्हणायच्या, आम्ही इथं घोटभर पाण्याला महाग आणि ह्या रेड्यांना खेळून अंघोळी पाहिजेत.

सरांनी सराव बंद केला. बांबू आणले, पत्र्याचे मोठे डबे आणले. एका बांबूला मधोमध डबा, दोन्ही टोकांना एकेक माणूस. आणि जोड्या लावल्या त्या वहीतलं पान समोर ठेवून. ज्या दोन ठिपक्यांमध्ये एकही रेघ नव्हती ते एका बांबूला. उद्धवच्या जोडीला आला गट चारचा मारुती. त्या दोघांच्या मामा-काकांमध्ये कारखान्याच्या निवडणुकीत डोकी फुटली होती. पहिल्या दिवशी उद्धव ताडताड पुढं, मारुती मागं रेंगाळतोय, डबा हिंदकळतोय, आणि क्वार्टरपर्यंत जाईतो निम्मं पाणी मातीत. शेवटच्या ओळीत ड्रायव्हरची बायको, शेवंताबाई, दारात उभी. तिनं डब्यात डोकावलं आणि दोघांच्या सात पिढ्या काढल्या. गट विचारला नाही.

शेवंताबाईनं चार दिवसांत जे केलं ते कुठल्या कोचला जमलं नसतं. दोघं पाय जुळवायला शिकले. आधी मोजून टाकायचे, मग मोजावं लागेना. एकाचा खांदा दुखला की न बोलता दुसरा बांबू फिरवून घ्यायचा. दीड-दोन महिने टीमनं कॉलनीला पाणी भरलं. सरावाला बॉल रोज अर्धाच तास, आणि त्या अर्ध्या तासात मला, फुटबॉलमधलं काही न कळणाऱ्याला, दिसायला लागलं की बॉल कुठूनही कुठंही जातोय. सर वहीत रेघा मारायचे थांबले होते. कॉलनीतल्या बाया पदर खोचून मैदानाच्या कडेला बसायला लागल्या.

आता जे सांगायचं ते सांगताना माझी जीभ जड होते. ऊस नाही, गाळप नाही, म्हणून मंडळानं ठरवलं की हंगामी लोकांना घरी पाठवायचं, फुटबॉलवाल्यांनासुद्धा. सर चेअरमनकडं गेले. नवे चेअरमन गोड माणूस, तोंडावर नाही म्हणायचे नाहीत. त्यांनी ठराव करून दिला. कारखान्या-कारखान्यांच्या स्पर्धेत आपला संघ अंतिम फेरीत गेल्यास संघातील सात हंगामी खेळाडूंना कायम करण्याचा विचार करण्यात येईल. तो ठराव मीच टाइप केला. सर कागद घेऊन माझ्या टेबलाशी आले, शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं आणि विचारलं, "म्हंजे करतील ना?"

वीस वर्षं मी असले ठराव टाइप करत होतो. ‘विचार करण्यात येईल’ याचा अर्थ मला माहीत नव्हता असं म्हणण्याचं तोंड मला नाही. पण त्यांचा चेहरा बघून मी म्हटलं, करतील की, सर. ते तसेच मैदानावर गेले. सगळ्यांना गोल बसवलं आणि सांगितलं की फायनलला पोचा, सातही जणांच्या ऑर्डरी मी आणून देतो, हा माझा शब्द हाय. त्या माणसाला मी तोवर कुणालाही शब्द देताना ऐकलं नव्हतं. हबीबनं लगेच उठून त्यांच्या पायाला हात लावला, आणि सर मागं सरकले.

शिमग्याच्या सुमारास स्पर्धा झाली, नगरकडच्या एका कारखान्यावर. तिथलं मैदान हिरवं होतं. आमची पोरं दहा मिनिटं नुसती गवताला हात लावून बघत होती. पहिल्या दोन मॅचा कशातरी निघाल्या; खरं म्हणजे हबीबनं काढल्या, मांजरासारख्या उड्या मारून. सेमीफायनलला शेवटची पाच मिनिटं उरली, बरोबरी, आणि उद्धव एकटा बॉल घेऊन गोलसमोर पोचला. त्यांचा गोलकीपर अंगावर धावत आला. प्रेक्षकांत उद्धवचे मामा, गट एकचे संचालक, उठून उभे राहिले होते, मार म्हणून ओरडत होते. उद्धवनं मारला नाही. बघितलंसुद्धा नाही, डावीकडं ढकलला, आणि तिथं मारुती होता. मोकळा गोल. संचालक हात वर करून तसेच उभे, हसावं का रडावं त्यांना कळेना. मी सरांकडं बघितलं. ते गोलकडं बघतच नव्हते. उद्धव परत येताना त्यांच्यासमोरून गेला तेव्हा त्यांनी विचारलं, जेवलास का. दुपारचे चार वाजले होते आणि तो सकाळी सगळ्यांबरोबर जेवला होता. उद्धव तिथंच मटकन बसला आणि ढसाढसा रडला.

फायनल आम्ही एका गोलनं हरलो. त्यांची टीम चांगली होती, त्यात काही वाद नाही. हरल्यावर कुणी कुणाला बोल लावला नाही. ट्रकमधून येताना सगळे एकमेकांच्या अंगावर रेलून झोपले होते.

परत आल्यावर सर रोज चेअरमनच्या केबिनबाहेरच्या बाकावर जाऊन बसायला लागले. इस्त्रीचे कपडे, चुना लावलेले बूट. पहिल्या आठवड्यात शिपाई चहा द्यायचा, नंतर देईना झाला. साहेब बाहेरगावी हायत, साहेब मुंबईला गेलेत, साहेब दुष्काळाच्या बैठकीत हायत. तीन आठवड्यांनी मीटिंग झाली. ऑर्डरी निघाल्या, सहा. प्रत्येक गटाला एक. हबीबच्या बाजूनं बोलायला कुणी नव्हतं, सातवी जागा कुणाच्या खात्यात धरायची ते ठरेना, म्हणून ती ठेवलीच नाही. एका संचालकानं तर विचारलं म्हणे, हा हबीब कोण?

सर केबिनमध्ये गेले आणि बाहेर आले ते सरळ माझ्याकडं. कागद मागितला. उभ्या उभ्या लिहिलं की मी सुरक्षा विभागातल्या माझ्या जागेचा राजीनामा देत आहे, या रिकाम्या जागेवर हबीब यांस कायम म्हणून घ्यावे. मी म्हटलं, सर, असं करू नका. म्हणाले, "कावून? मला पेन्शन हाय, पोरगी हैद्राबादला बोलावती. शब्द मी दिलता, मंडळानं न्हाई." चेअरमननी राजीनामा घेतला, डोळ्यांत पाणी आणलं, तुमच्या इच्छेचा मान राखू म्हणाले. सर दुसऱ्या सकाळच्या एसटीनं गेले. गेटवर सगळी टीम होती, शेवंताबाईनं भाकरी बांधून दिली. उद्धव ट्रंक उचलायला गेला तर त्यांनी उचलू दिली नाही. हबीबच्या पाठीवर मात्र हात ठेवला, चांगला दोन मिनिटं.

बाराव्या दिवशी त्या जागेची ऑर्डर माझ्याकडं टाइपला आली. नाव गट तीनच्या संचालकांच्या मेहुण्याचं. मी कागद यंत्रात घातला. उठून जाऊन काही बोलावं असं मनात आलं, नाही असं नाही. घरात चार तोंडं होती, साहेब लोकांशी वाकडं घ्यायची छाती नव्हती. टाइप केलं, खाली ‘प्रत रवाना’ लिहिलं.

हबीबला क्वार्टर सोडायला आठ दिवस दिले. सामान टेम्पोत भरताना मी गेलो. म्हटलं, मी सरांना कळवतो, ते येऊन भांडतील. त्यानं माझा हात धरला. "सर कू नक्को बोलो, भाऊसाहेब. उनो समझे हैं मेरा काम हो गया. वैसाच रहने दो." मग पोरींना पुढं बसवून तो गेला. त्यानंतर टीम कधी मैदानावर उतरली नाही. उतरायला गोलकीपर तर पाहिजे.

पाच-सहा वर्षांनी परळीच्या स्टेशनवर मला वाव्हळे सर दिसले. सकाळची वेळ, हैद्राबादकडच्या गाडीला अवकाश होता. बाकावर कापडी पिशवी घेऊन बसलेले. आणखी वाळले होते, पण बूट पांढरे. मी जवळ जाऊन नमस्कार केला, त्यांनी "जय भीम" म्हणून बाजूला सरकून जागा दिली. मुलीचं सांगितलं, गुडघ्याचं सांगितलं. कारखान्याचं काहीच विचारलं नाही. सोडलेल्या टीमची चौकशी करू नये, म्हणाले, मागं नवा मास्तर येतो, त्याच्या कामात आपली लुडबुड होती. नवा मास्तर कुणी आलाच नाही, हे मी सांगितलं नाही.

गाडीचा सिग्नल पडला तसे ते चुळबुळायला लागले. पिशवी उचलली, परत ठेवली.

"एकच इचारतो," म्हणाले. "हबीब लागला ना?"

सहा महिन्यांपूर्वीच हबीबला मी गेवराईजवळ गोदावरीच्या पात्रात पाहिलं होतं. वाळूच्या ट्रॅक्टरवर फावडं मारत होता, कमरेएवढ्या खड्ड्यात उभा राहून. मला बघून त्यानं हात केला आणि परत फावडं उचललं.

"लागला, सर," मी म्हटलं.

"कायम?"

"कायम. पोरी शाळेत जातात. क्वार्टरसुद्धा दोन खोल्यांचं मिळालं." कुणी विचारलं नव्हतं, तरी माझं तोंड थांबेना.

सरांनी एक लांब श्वास सोडला. माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. म्हणाले, "मग बरं झालं. मला लई दिवस वाटत हुतं, आपण फसलो का काय." गाडी आली. मी त्यांना डब्यात चढवलं, पिशवी वर दिली. खिडकीशी बसल्यावर त्यांनी मला बोटानं जवळ बोलावलं.

"हबीबला म्हणावं, ड्युटी संपली की अर्धा तास तरी खेळत जा. हात आखडतेत."

सांगतो, म्हणालो. गाडी गेली. त्यानंतर गेवराईवरून मी कितीतरी वेळा गेलो, पण एसटीतून खाली उतरलो नाही.